प्रश्न विचारण्याची विद्या

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरून कोणी विदुषी येतात आणि आपण ऐकतो. यंदा आपल्यापैकीच एकीने बोलावे असे कार्यकारिणीत ठरले आणि चिटणीसबाईंनी माझे नाव सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा व्याख्यान माझ्याकडून होणार नाही. परंतु माझी थोरली मुलगी सामाजिक संशोधनाच्या पद्धती या विषयात एम.ए. करीत आहे, आणि "हा कसला विषय बाई?" असे आपल्यातील पुष्कळजणींनी मला हळदीकुंकवात आणि भाजीच्या गाडीपाशी विचारले आहे. त्या सर्वांना आज एकदमच उत्तर द्यावे, एवढ्यासाठी मी उभी आहे.

डॉक्टर होणारी मुलगी दुखणे बरे करते, वकील होणारी कोर्टात उभी राहते, हे सांगावे लागत नाही. आमच्या मुलीचा अभ्यास तसा दिसत नाही. आमच्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "लोकांना प्रश्नच विचारायचे ना? ते तर आम्ही ओट्यावर बसून रोज विचारतो!" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग मुलगी सुटीत घरी आली तेव्हा पोळ्या लाटता लाटता मी तिला एकेक गोष्ट विचारीत गेले. तिने मला समजेल अशा भाषेत सांगितले, तेच आज आपल्यापुढे ठेवते.

हा अभ्यास दोन वर्षांचा. काय विचारायचे, कोणाला विचारायचे, कसे विचारायचे आणि मिळालेल्या उत्तरांतून खरे काय ते कसे काढायचे, हे त्यात शिकवितात. ऐकायला सोपे वाटते. पण प्रत्येक पायरीवर पाय घसरण्याची जागा आहे.

कोणाला विचारायचे, हेच पाहा. शितावरून भाताची परीक्षा आपण सगळ्याच करतो. पण भात तळाला लागला असेल तर वरचे शीत आपल्याला फसविते. समाजही तसाच, सगळीकडे सारखा शिजलेला नसतो. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठविली. वीस लाखांवर उत्तरे आली, त्यावरून लँडन निवडून येणार असे त्यांनी छापले, आणि निवडून आले रूझवेल्ट, तेही ४८ पैकी ४६ राज्यांत! कारण काय, तर नावे बरीचशी टेलिफोनच्या आणि मोटारवाल्यांच्या याद्यांतून घेतलेली. त्या मंदीच्या दिवसांत ज्याच्या घरी टेलिफोन नाही त्याचे मत कोणी विचारलेच नाही. शिवाय ज्यांना पत्रे गेली त्यांतल्याही बहुतेकांनी उत्तर धाडले नाही. म्हणजे पुष्कळांना विचारले एवढ्याने भागत नाही. थोड्यांना विचारावे, पण सगळ्या थरांतले शीत हाती येईल असे विचारावे.

आपल्या देशात ही विद्या नवी नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कलकत्त्याला भारतीय संख्याशास्त्र संस्था काढली आणि १९५० साली सरकारची राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची घरोघर जाऊन पाहणी केली. आणि आपल्या इरावतीबाई कर्वे यांनी प्रांतोप्रांतीचे नातेसंबंधांचे शब्द गोळा करून १९५३ साली भारतातील नातेव्यवस्थेवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. सासू, नणंद, जाऊ, मामी हे आपल्या रोजच्या तोंडचे शब्द, त्यांवर विद्वानांनी वाचावा असा ग्रंथ झाला, हे मला मुलीने सांगितले तेव्हा फार बरे वाटले.

आता मी आपल्याशी ज्याचा संबंध आहे त्या गोष्टीकडे येते. जनगणनेची माणसे, ज्यांना जुनी माणसे शिरगणतीवाले म्हणत, दारात येऊन विचारतात, "आपण काम करता का?" आपण काय सांगतो? "नाही हो, मी घरीच असते." शेतावर निंदणी करून आलेली बाई हेच सांगते. नवऱ्याच्या दुकानात दुपारभर गल्ल्यावर बसणारीही हेच सांगते. त्यांनी खोटे सांगितलेले नसते. काम म्हणजे पगाराचे, असेच आपल्या कानाला ठाऊक. अशा रीतीने लाखो बायकांचे कष्ट कागदावरून पुसले जात होते. विचारवंत बायकांनी याविरुद्ध आवाज उठविला, आणि १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नाला एक छोटा कंस जोडला गेला: शेतीतील किंवा घरच्या धंद्यातील बिनमोबदल्याचे कामही धरावे. प्रश्नात चार शब्द वाढले आणि हे काम विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आले.

तरी स्वयंपाक, धुणी-भांडी, पाणी भरणे बाहेरच राहिले. त्यासाठी वेगळी युक्ती लागली. "काम करता का?" असे न विचारता "काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाला काय काय केलेत?" असे विचारायचे. एका अर्ध्या तासात दोन-तीन कामे झाली असतील तर तीही मांडायची. गॅसवर दूध, हाताखाली कणीक आणि मांडीशी मुलाचा पाढा, हे आपले नेहमीचेच ना! अशी पाहणी प्रथम १९९८-९९ साली सहा राज्यांत झाली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. मग २०१९ आणि २०२४ साली देशभर झाली, प्रत्येक वेळी एक लाख अडतीस हजारांहून अधिक घरांत. २०२४ चे आकडे मी मुलीकडून लिहून आणले आहेत. शंभर स्त्रियांमागे ८१ जणींनी त्या दिवशी बिनपगारी घरकाम केले होते, शंभर पुरुषांमागे सुमारे २७ जणांनी. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात सरासरी २८९ मिनिटे गेली, पुरुषाची ८८. मुलांचे आणि आजाऱ्यांचे करणे यात नाही, ते निराळे मोजले आहे. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत आपली दहा मिनिटे कमी झाली, आणि पुरुषांचीही नऊ कमी झाली!

हे आकडे ऐकून आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली. यजमान म्हणाले, "हे मोजून काय मिळणार?" मुलगी म्हणाली, "बाबा, जे मोजले जात नाही त्याच्यासाठी पैसा मंजूर होत नाही. पाणी भरण्यात बायकांचा किती वेळ जातो हे कागदावर आले, तर नळ मागताना ते दाखविता येते." त्यानंतर त्यांनी हा प्रश्न विचारला नाही.

या अभ्यासाची आणखी एक बाजू मला सर्वांत मोलाची वाटते. माणसाची परवानगी घेतल्यावाचून त्याला विचारायचे नाही. उत्तर द्यायचे नसेल तर आग्रह नाही. नाव लिहायचे नाही. सुनेला सासूसमोर, बायकोला नवऱ्यासमोर विचारून मिळालेले उत्तर तिचे स्वतःचे धरायचे नाही. मुलीच्या प्रबंधासाठी ती एका वस्तीत घरबसल्या काम करणाऱ्या बायकांना भेटत होती. ब्लाउजना हुक लावणे, पापड लाटणे अशी ती कामे. एके दिवशी संध्याकाळी ती घरी आली ती गप्पच. जेवली नाही. मी जवळ बसून विचारले, तर म्हणाली, "आई, एका बाईने मला विश्वासाने सांगितले आहे. ते मला तुलासुद्धा सांगता येणार नाही." आईला न सांगण्यासारखे काय असते, असे क्षणभर मनात आले. मग वाटले, कोण कुठली ती बाई, पण तिचे दुःख माझ्या लेकीजवळ कुलपात आहे. ओट्यावरच्या विचारपुशीत आणि या विद्येत फरक आहे तो हाच.

सगळे गोडच आहे असे मी सांगणार नाही. उन्हातान्हात हिंडावे लागते. लोक दार लावून घेतात. शिक्षण पुरे होताच कायमची नोकरी समोर उभी असते असेही नाही. पुष्कळ कामे एखाद्या पाहणीपुरती, करारावरची असतात. फीसाठी आम्ही भिशीचे पैसे घातले आणि घराची रंगरंगोटी पुढे ढकलली. "इतकी शिकली तर स्थळ कसे मिळेल?" हेही ऐकून घेतले. पण जी मुलगी दुसऱ्याचे बोलणे मध्ये न तोडता तासभर ऐकून घ्यायला शिकली, ती सासरी जाऊन काही बिघडवील असे मला वाटत नाही.

भगिनींनो, आता माझी एक सूचना. माझ्या माहेरच्या गावी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा तालुक्याला, आणि तिकडून संध्याकाळी परतीची एस.टी. नव्हती. म्हणून मी घरी राहिले. त्या वेळी कोणी पाहणीला आले असते, तर दारात वडीलच बोलले असते, आणि "मुलीला आवड नाही" असे कागदावर लिहिले गेले असते. सरकारने मग आवड लावण्याच्या योजना काढल्या असत्या. हवी होती एक एस.टी.!

आपल्या भागातही शाळा सुटलेल्या मुली आहेत. मंडळाने यंदा त्यांची एक लहानशी पाहणी करावी. आपल्या ओळखीच्याच नव्हे, सर्व गल्ल्यांतल्या घरी जावे, अगदी नाल्याकडच्या चाळीतसुद्धा. आईबापांची परवानगी घ्यावी, पण प्रश्न मुलीला विचारावा, तिला संकोच होणार नाही अशा जागी. कारण आपण सुचवू नये, तिला सांगू द्यावे. कोणाचे नाव मंडळाच्या दप्तरात उघडे राहू नये. प्रश्नांचा कागद करून द्यायला माझी मुलगी तयार आहे. कारण बस असेल तर बससाठी अर्ज करू, कारण धाकटी भावंडे सांभाळणे असेल तर त्याचा विचार करू.

आणि सर्वांना एक विनंती. पुढे कधी कोणी कागद घेऊन दारात आले, तर "मी घरीच असते" असे म्हणून दार लोटू नका. थोडे थांबा, आणि पहाटेपासून काय काय केले ते सांगा. सून घरात असेल तर तिचे उत्तर तिलाच देऊ द्या.