नागपुरात जन्मलेला गोलरक्षक



हॉकी म्हटलं की ध्यानचंद आठवतात.
आज बोलू या त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गोलरक्षकाबद्दल.
नाव, रिचर्ड ॲलन.
जन्म 1902चा.
आणि जन्मगाव? आपलं नागपूर!

1928. ॲम्स्टरडॅम.
भारतीय हॉकीचं पहिलं ऑलिंपिक.
पाच सामने झाले.
ॲलन यांनी एकही गोल होऊ दिला नाही.
पुन्हा सांगते, एकही नाही!
आणि तेव्हा गोलरक्षकाच्या डोक्यावर हेल्मेटही नसे.

1932. लॉस एंजेलिस. समोर अमेरिका.
भारताने केले 24 गोल.
चेंडू आपल्या बाजूला क्वचितच यायचा.
ॲलन गोलमागे चाहत्यांना सह्या देत होते, असं सांगतात.
तेवढ्यात अमेरिकेने एक गोल केला.

1936. बर्लिन.
अंतिम सामन्यात जर्मनीचाही एकच गोल.

म्हणजे बघा,
तीन ऑलिंपिक, तीन सुवर्णपदकं,
आणि ॲलन यांच्यावर गोल फक्त दोन.
तिन्ही वेळा संघ एकच, भारत.

ध्यानचंदांचं नाव घराघरात पोचलं.
ॲलन मात्र त्यांच्या जन्मगावातही फारसे कुणाला ठाऊक नाहीत.
याची मला खंत वाटते.

तुमच्या घरात, शेजारी कुणी हॉकी खेळत असेल,
तर त्यांना हे नाव जरूर सांगा.
रिचर्ड ॲलन, जन्म नागपूर.