घर उभे करणारीचे नाव



अशा प्रसंगी थोर पुरुषांची चरित्रे सांगण्याचा प्रघात आहे आणि तो चांगलाच आहे. आज मात्र मी आपल्यापुढे एका गृहिणीची आठवण ठेवणार आहे. त्या कधी सभेत बोलल्या नाहीत. त्यांच्या नावाची संस्थाही मला माहीत नाही. दूरच्या मुलखातून येऊन त्यांनी महाराष्ट्रात घर उभे केले आणि येथेच देह ठेवला. त्यांचे नाव आयेशा बेगम. त्यांच्या एका मुलाला सारा देश दिलीपकुमार म्हणून ओळखतो.

हा विषय झरी जामणीत का, असे कुणी विचारील. आपला तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर आहे. पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचा मुलूख लागतो. पलीकडे 1948 पर्यंत निजामाचे राज्य होते, 1956 साली आंध्र प्रदेश झाला, 2014 साली तेलंगणा झाला. राज्ये बदलली, पण माणसांचे जाणेयेणे आणि सोयरिकी थांबल्या नाहीत. आपल्या बाजारात मराठी, तेलुगू, कोलामी, गोंडी आणि उर्दू या सर्व बोली ऐकू येतात. नदीपलीकडून सून म्हणून आलेली, किंवा धन्याच्या रोजगारामागे मुलेबाळे घेऊन आलेली दादी-नानी येथे कितीतरी घरांत आहे. म्हणून आयेशा बेगमची गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

हे कुटुंब पेशावरचे. किस्सा ख्वानी बाजाराच्या परिसरात त्यांचे घर होते आणि घरात हिंदको बोलली जाई. धनी लाला गुलाम सरवर खान हे फळांचे व्यापारी. 1930 च्या दशकात व्यापारासाठी हे कुटुंब मुंबईला आले. कुटुंब लहान नव्हते. आयेशा बेगमना बारा अपत्ये झाली. फळांचा व्यापारी क्रॉफर्ड मार्केटात जाऊन बसला की त्याला आपल्या मुलखाची चार माणसे भेटतात, बोलणेचालणे होते. घरातल्या बाईचे काय? तिचा शेजार नवा, हवा नवी, भाजीवालीची भाषाही नवी. त्यात आयेशा बेगमना दम्याचा विकार होता. मुलगा अयूब आजारी असे. मोकळ्या हवेसाठी हे कुटुंब काही काळ नाशिकजवळच्या देवळालीला राहिले. म्हणजे एकदा मांडलेला संसार त्या माउलीने पुन्हा नव्या गावी मांडला.

मुलांचे शिक्षण मात्र या सर्व धावपळीत चालू राहिले. यूसुफ, म्हणजे पुढचे दिलीपकुमार, देवळालीच्या बार्न्स स्कूलमध्ये शिकले. नंतर मुंबईत अंजुमन-ए-इस्लामच्या शाळेत गेले. ही संस्था बद्रुद्दीन तय्यबजींसारख्या मंडळींनी 1874 साली स्थापन केली होती. समाजाने वर्गणी काढून चालवलेली शाळा परगावाहून आलेल्या मुलाला कशी आधार देते, याचे हे उदाहरण आपल्यासारख्या संस्थेने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या घरात आणखी एक कर्ती स्त्री होती, ती म्हणजे पेशावरची दादी. एका फकिराने सांगितले की हा मुलगा पुढे फार नाव काढील, त्याला दृष्टीपासून जपा. झाले! दादीने नातवाचे डोके भादरले आणि रोज शाळेत जाण्यापूर्वी त्याच्या कपाळावर काजळीचा टिळा लावू लागली. शाळेतली मुले हसत, मुलगा रडे, पण दादीचा हुकूम मोडण्याची कुणाची छाती नव्हती. पुढे मोठेपणी दिलीपकुमारांनी सांगितले की त्या वेळचे एकटेपणाचे दुःख मनात राहिले होते आणि दुःखी भूमिका करताना ते वर येई. प्रिय माणसाची आठवण काढताना केवळ गुणच सांगावेत असे नाही. दादीचे प्रेमही खरे होते आणि तिचा हट्टही खरा होता. दोन्ही सांगितले म्हणजे माणूस पुरता डोळ्यांसमोर उभा राहतो.

1947 साली फाळणी झाली आणि आयेशा बेगमचे माहेर दुसऱ्या देशात गेले. ज्या गावाला आपण कधीतरी परत जाऊ असे बाहेरगावी आलेली प्रत्येक स्त्री मनात धरून असते, ते गाव एका रात्रीत परके झाले. त्याच वर्षी मुलाचा ‘जुगनू’ हा चित्रपट गाजला. 1948 साली आयेशा बेगम वारल्या. ‘देवदास’ 1955 चा आणि ‘मुघल-ए-आझम’ 1960 चा. मुलाची ती कीर्ती पाहावयास त्या राहिल्या नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सर्व आपल्याला कळले कसे? मुलाने सांगितले आणि ते लिहून ठेवले गेले म्हणून. दिलीपकुमारांचे आत्मकथन 2014 साली प्रसिद्ध झाले, म्हणजे आई गेल्यानंतर 66 वर्षांनी. मुलगा नामांकित झाला नसता तर आयेशा बेगम हे नावही आपल्या कानी आले नसते. मग ज्या आईचा मुलगा शेतमजूर आहे, टेलर आहे, ट्रक चालवतो, तिची आठवण कुणी लिहावयाची? तिच्या कष्टांचे मोल काय कमी आहे?

लिहिणारा घरातूनच निघाला पाहिजे. मुंबईत कुलसुम सयानी यांनी हे ओळखले होते. त्यांनी मुस्लिम वस्त्यांतील स्त्रियांना अक्षरओळख करून देण्याचे काम वर्षानुवर्षे केले. नव्याने वाचू लागलेल्यांसाठी ‘रहबर’ हे पत्र 1940 ते 1960 अशी वीस वर्षे चालविले. ते नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिप्यांत निघे. ज्या बाईला अक्षर येते ती आपली हकिकत दुसऱ्याच्या भरवशावर ठेवीत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे माझे एक मागणे आहे. शंभर पानी वही घ्या आणि घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या स्त्रीजवळ बसा. तिला तिचे पूर्ण नाव विचारा, तिच्या आईचे नाव विचारा. ती कोणत्या गावाहून आली, कशातून आली, सोबत काय आणले, येथे आल्यावर पहिल्यांदा कोणत्या शेजारणीने तिला विस्तव दिला, पाण्याची वाट दाखविली, हे विचारा. सन आठवत नसेल तर 1972 च्या दुष्काळाआधी की नंतर, असे विचारा; हिशेब जुळतो. तिचे शब्द आहेत तसेच लिहा, सुधारू नका. पलीकडच्या दख्खनी उर्दूत ‘नक्को’ म्हणतात. तो शब्द मराठीच्या ‘नको’वरूनच गेलेला आहे. म्हणजे तुमची दादी नदी ओलांडून आली तेव्हा एक मराठी शब्द तिच्या तोंडी आधीच होता! हे सारे तिच्या बोलण्यात आहे, आणि ती आहे तोवरच आहे.

पालकांनो, आपणासही दोन शब्द. दादीच्या उशाशी बसून तिच्या गोष्टी ऐकणारी बहुधा नात असते. तिचे पाय चेपणारी, तिला औषध देणारी तीच. आठवीनंतर शाळा दूर आहे, एस.टी. वेळेवर येत नाही, म्हणून आपण तिचेच नाव काढतो. अडचण खरी आहे, मी ती नाकारीत नाही. चार घरच्या मुली मिळून जाऊ शकतात, वसतिगृहाची चौकशी करता येते, संस्थेकडे शब्द टाकता येतो. पण नातीची शाळा सुटली की दादीची हकिकत तिच्याबरोबर जाते आणि चाळीस वर्षांनी ही नात स्वतः दादी होईल तेव्हा तिचेही नाव कुणी लिहिणार नाही. एका निर्णयाने दोन पिढ्यांच्या बायका विस्मरणात जातात.

येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा आपल्या मुलीचे नाव पटावर असू द्या. ती लिहील. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर दादीचे नाव असेल, आणि ते नाव घरातल्या सर्वांनी वाचावे अशी माझी विनंती आहे.