विसरणं म्हणजे वयच झालं, असं नाही
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेलं भाषण)

मी डॉक्टर नाही, आयुष्यभर बँकेत हिशेब तपासले. त्यामुळे सिद्ध काय आणि अंदाज काय, हे वेगळं ठेवून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका सकाळी आमच्या हिने विचारलं, "आई उठली का?" सासूबाई जाऊन तीस वर्षं झाली. संध्याकाळी मुलांच्या नावांची अदलाबदल, रात्री खिडकीशी कोणीतरी उभं असल्याचा भास. माझ्या थोरल्या भावाला डिमेन्शिया होता. मी मनात निकालच लावला. दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. लाज म्हणा, भीती म्हणा.

तिसऱ्या दिवशी बी विंगमधल्या वहिनी, त्या निवृत्त नर्स, वाटी परत द्यायला आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, एकाएकी असं होत नसतं. आधी डॉक्टरांना दाखवा." मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघाला. ताप नाही, जळजळ नाही. उपचारानंतर आठ-दहा दिवसांत ही पूर्वीसारखी झाली.

याला डिलिरियम म्हणतात. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी हळूहळू येतो, डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत. म्हणून अचानक फरक पडला तर थांबू नका. मात्र अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने घेऊ नका.

जंतू आणि स्मृती यांचा संबंध जुना आहे. सिफिलिसचे जंतू वेड लागलेल्या रुग्णांच्या मेंदूत 1913 मध्ये नोगुचींनी दाखवले. पुढे पेनिसिलिनने तो आजार आटोक्यात आला. अल्झायमरचं खातं मात्र अजून उघडंच आहे. हिरड्यांच्या रोगाचा जंतू अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत आढळल्याचं संशोधन 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्या जंतूवर बेतलेल्या औषधाची चाचणी झाली. 2021 मध्ये निकाल आला, तिचं मुख्य उद्दिष्ट साधलं नव्हतं. म्हणजे संशयित घटनास्थळी सापडला, गुन्हा शाबीत झाला नाही. शिवाय विसरणारा माणूस दातही नीट घासत नाही, तेव्हा आधी काय आणि नंतर काय, हाही प्रश्न आहेच. तरी दात घासायला निकालाची वाट कशाला बघायची?

गंमत बघा. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं, आज सत्तरच्या घरात आहे. लसी, स्वच्छ पाणी, अँटिबायोटिक्स यांनी जंतूंना रोखलं, म्हणून तर आपण विसरायच्या वयापर्यंत पोचलो! मिळालेली ही वर्षं सांभाळायला हवीत. पाणी पुरेसं प्या, डॉक्टर सांगतील त्या लसी घ्या, कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र लावायला लाजू नका.

आणि एक. त्या दोन दिवसांत मी दार लावून बसलो, ही माझी चूक. वाटी परत द्यायला कोणी आलं नसतं तर मी आणखी किती दिवस गप्प बसलो असतो, कोण जाणे. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, गच्ची दुरुस्त केली. पण शेजारी घरात येऊन विचारतो, ही आपली खरी शिल्लक. शेजारच्या आजी-आजोबांचं वागणं अचानक बदललेलं दिसलं, तर बेल वाजवा. कोणाला राग येणार नाही.