गणपतीआधीचा रंग आणि कपड्यांवरचे डाग



श्रावण सरत आला की आपल्या पोलादपूर-महाडकडच्या घरांतून रंगाचा वास यायला लागतो. कुडपणसारख्या सह्याद्रीच्या चढावरच्या गावात पाऊस कुठला उसंत देतो? पण गणपती बसायची भिंत कोरी कशी ठेवायची! मुंबईहून आलेला लेक प्रवासाच्या कपड्यांतच ब्रश उचलतो, आणि आई ओरडते, "अरे, कपडे तरी बदल!" तोवर पँटीवर ठिपका पडलेला असतो.

लगेच बादलीत कपडा बुचकळू नका. रंग कोणता, ते आधी बघा.

चुन्याचा असेल तर सोपं आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडूसारखा घट्ट होतो. वाळू द्या, ब्रशने झटका, मग व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावा. बारीक बुडबुडे येतील आणि उरलेला चुना विरघळेल. मग भरपूर पाण्याने धुवा. आंबटच हवं म्हणून कोकमाचं आगळ मात्र घेऊ नका, नाहीतर त्याचा लाल डाग काढायला पुन्हा मलाच विचाराल.

डिस्टेंपर आणि प्लास्टिक पेंट पाण्यातले. ओले असताना गार पाणी आणि साबण पुरे. प्लास्टिक पेंटमध्ये पाण्यात तरंगणारे बारीक कण असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो, आणि मग नुसत्या पाण्याला तो दाद देत नाही. अशा वेळी स्पिरिट कामाला येतं. करोनातल्या सॅनिटायझरची बाटली फडताळात उरली असेल तर तीही चालेल. डाग भिजवा, मऊ झाला की जुन्या टूथब्रशने घासा. आपल्याकडच्या दमट हवेचा इथे एक फायदा आहे: रंग उशिरा वाळतो, म्हणून हाताशी थोडा जास्त वेळ असतो.

खरी पंचाईत दार-खिडकीच्या ऑइल पेंटची. तो नुसता वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन जाळं विणतं, आणि ते एकदा पक्कं झालं की टर्पेंटाइनही फारसं काही करू शकत नाही. म्हणून त्याच दिवशी हात घाला. चमच्याच्या कडेने जाड रंग खरवडा. कपडा उलटा करा, डागाखाली जुनं फडकं ठेवा आणि मागच्या बाजूने टर्पेंटाइनचा बोळा दाबत जा. घासू नका, रंग पसरतो. खालचं फडकं रंगलं की बदला. रंग उतरायचा थांबला की त्यावर भांड्यांचा साबण चोळा, आणि पाणी सगळ्यांत शेवटी. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको, उरलासुरला रंग उष्णतेने पक्का बसतो.

रॉकेलनेही काम होतं, पण वास दोन धुण्यांतही जात नाही. आणि नेलपॉलिश काढायचं द्रव घाईघाईने साडीवर ओतू नका. त्यात बहुधा अ‍ॅसिटोन असतं, आणि काही कृत्रिम धागे त्यात चक्क विरघळतात. कोणतंही औषध आधी आतल्या शिवणीवर लावून बघावं.

हे काम चुलीपासून लांब, दारं उघडी ठेवून करा. विडीवाल्यांनाही तिकडून उठवा. ऑइल पेंटची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, तेल वाळताना ती आतून तापतात आणि कधी पेटतातही. बाहेर पडवीत एकेक पसरून वाळवा.

राहिलं वापरलेलं टर्पेंटाइन. ते वहाळात ओतायचं नाही, खालच्या वाडीत तेच पाणी गुरं पितात. झाकणाच्या बाटलीत भरून ठेवा. रंगाचा गाळ काही दिवसांत तळाशी बसतो, आणि वरचं नितळ टर्पेंटाइन ब्रश धुवायला परत वापरता येतं. बाटलीवर नाव मात्र लिहा, आणि ती पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.