समुद्राविण बेटें

जलदुर्ग पाहावयाचा म्हणजे मुरूड-जंजिऱ्यास जावयाचें, असा सहलीला निघणाऱ्यांचा समज असतो. नांदेड-लातूरकडील गृहस्थही त्यास अपवाद नाहीं. परंतु घराजवळच एक समुद्र आहे, हें त्याच्या ध्यानांत नसतें. नांदेडपासून सुमारें ५० किलोमीटरवरील कंधार येथील तलावाचें नांवच जगत्तुंगसमुद्र ! हें नांव राष्ट्रकूटांच्या वेळचें आहे. तेथील भुईकोटाभोंवतीं रुंद खंदक आहे. पावसाळ्यांत तो भरला म्हणजे किल्ला एखाद्या बेटासारखा दिसूं लागतो.

वाटाड्या बुरूज दाखवितो, तटाची उंची सांगतो. पण चौकस प्रवाशानें त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा. जंजिरा शिवाजीमहाराजांना मिळाला नाहीं, १६८२ सालीं संभाजीमहाराजांनाही मिळाला नाहीं; मग पाण्यानेंच वेढलेला कंधार १६३१ सालीं मोगलांच्या हातीं कसा गेला ?

उत्तर पाण्याच्या स्वभावांत आहे. जंजिऱ्याचा समुद्र शत्रूला अडवी आणि धन्याला धान्य, दारूगोळा व माणसें आणून देई. सिद्दीला सुरतेकडून मोगलांची मदत पोंचत असे. खंदकाचें पाणी शत्रूला अडवितें खरें. परंतु तें कोणालाही आंत आणीत नाहीं. कंधारच्या मदतीस आलेली फौज बाहेरच अडली, आणि किल्ला पडला.

उदगीर व औसा यांची हकीकत याहून बोलकी आहे. औशाचा किल्ला तर सखल जागीं असा बांधला आहे कीं, दुरून येणाऱ्यास तो सहसा दिसूं नये. तरीही १६३६ च्या मे महिन्यांत विजापूरनें शहाजहानशीं तह केला, आणि त्याच वर्षीं हे दोन्ही किल्ले मोगलांनीं घेतले. तट शाबूत होते, खंदकही होते; पाठीराखा मात्र उरला नव्हता.

पुढें १७६० च्या फेब्रुवारींत याच मुलखांत सदाशिवरावभाऊंनीं निजामाला कोंडलें. उदगीरच्या तहानें दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर हीं ठाणीं मराठ्यांकडे आलीं. पुरतें वर्षही लोटलें नाहीं, तोंच १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर रसद तुटलेल्या त्याच भाऊंच्या सैन्यावर तो दारुण प्रसंग ओढवला.

कोंकणचा प्रवास जरूर करावा. पण त्याआधीं कंधारच्या खंदकाकांठीं घटकाभर उभें राहावें. जंजिऱ्याचें सामर्थ्य कशांत होतें, तें तेथेंच उमगतें. दगडाच्या तटापेक्षां मदतीची मोकळी वाट अधिक बळकट असते.