आधी अंदाज, मग प्रयोग

बेंगळुरूच्या जयनगरमधून बोलतोय. लष्करातून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर सात-आठ मुलं जमतात. काही मराठी, काही कन्नड. कुणी मला आजोबा म्हणतं, कुणी ताता. आम्ही घरातल्या वस्तूंनी भौतिकशास्त्राचे प्रयोग करतो. आज त्यातले दोन सांगतो.

आमचा नियम एकच. हात लावण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा. मोबाईलवर प्रयोगांचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण तिथे उत्तर आधीच तयार असतं. अंदाज लिहिला की मूल त्यात गुंततं, आता काय होतंय याची त्याला खरोखर उत्सुकता लागते.

पहिला प्रयोग लंबकाचा. दोरा आणि हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी नट, एवढंच सामान. टांगलेल्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर 25 सेंटिमीटर ठेवा. चार बोटं बाजूला ओढून सोडा. जाऊन परत आला की एक झोका. असे 20 झोके मोजा. साधारण 20 सेकंद लागतात.

आता विचारा, नट दुप्पट जड लावला तर? आमच्याकडे सगळ्यांनी लिहिलं, ‘झोके लवकर होतील.’ मोजलं, तर तेच 20 सेकंद. दहा वर्षांची एक मुलगी मला म्हणाली, ‘ताता, तुम्ही नीट मोजलं नाही, मी मोजते.’ तिने तीनदा मोजलं. मला फार आनंद झाला. सैन्यात वरिष्ठाने सांगितलं की विषय संपतो, आणि तिथे ते गरजेचंही असतं. पण लंबकाला माझा हुद्दा कळत नाही. मोठ्यांचं म्हणणं तपासून पाहता येतं, आणि ते उद्धटपणा न करता करता येतं, हे त्या मुलीला त्या दिवशी कळलं.

पुढे दोरा चौपट करा, एक मीटर. मुलं लिहितात, 80 सेकंद. लागतात 40. लांबी चौपट, वेळ मात्र दुप्पट. वर्गमूळ म्हणजे काय, हे फळ्याशिवाय समजायला लागतं.

दुसरा प्रयोग स्वयंपाकघरातला. पाणी किती अंशांवर उकळतं? मुलं एका सुरात ओरडतात, शंभर! मग मोजू या. यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या. तापाचा अजिबात नको, तो फुटेल. गॅसजवळ मोठं माणूस हवंच. आधी थर्मामीटर तपासा. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यात तो शून्य दाखवतो का? एक दाखवत असेल, तर पुढच्या आकड्यातून एक वजा करा. मग उकळत्या पाण्यात धरा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका.

जयनगरात आकडा येतो साधारण 97. पुस्तक खोटं का? नाही. शंभर हा समुद्रसपाटीचा आकडा आहे. बेंगळुरू सुमारे 900 मीटर उंचावर आहे. वर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. ढोबळमानाने दर 300 मीटरला एक अंश कमी होतो. मुंबईत शंभर, पुण्यात अठ्ठ्याण्णवच्या आसपास, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या जवळपास, आणि लेहला सुमारे 88. लडाखमध्ये आमच्या लंगरात राजमा कुकरशिवाय शिजत नसे. पाणी खळखळ उकळायचं, पण तेवढं गरमच नसायचं. कुकर वाफ कोंडतो, दाब वाढवतो, आणि आतलं पाणी शंभराच्या वर जातं. हे सांगितल्यापासून मुलं कुकरच्या शिट्टीकडे वेगळ्या नजरेने बघतात.

अशा कामाची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून किती तरी खेळणी केली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या बेंगळुरूत एच. नरसिंहय्या हे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. 1962 साली त्यांनी बेंगळुरू सायन्स फोरम सुरू केला. कुठलीही गोष्ट प्रश्न विचारल्याशिवाय मानू नका, हा त्यांचा आग्रह होता.

पालकांना एकच विनंती. मूल अडलं की लगेच उत्तर देऊ नका. ‘तुला काय वाटतं?’ असं विचारा आणि गप्प बसा. आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर तो खोडू नका, तसाच लिहू द्या आणि पुन्हा मोजू द्या.

आता या रविवारी तुमच्या घरी पाणी उकळा. नागपूर, बेळगाव, इंदूर, बडोदा, जिथे असाल तिथे. मुलांचा अंदाज आधी लिहून घ्या, मग आलेला आकडा त्याच्याच शेजारी. दोन्ही मला कळवा. गच्चीवरच्या आमच्या मुलांनी भारताचा नकाशा आणून ठेवलाय, त्यावर ती तुमच्या गावाचा आकडा लिहिणार आहेत.