क्लॅरिनेट बदलताना

तुळशीचे लग्न लागले की पालघर, बोईसर आणि तारापूर या समुद्रालगतच्या टापूत लग्नसराईची चाहूल लागते. मांडव पडतात, आमंत्रणे निघतात आणि वाजंत्र्यांच्या घरी वाद्यांच्या पेट्या उघडल्या जातात. 1969 साली तारापूरच्या अणुवीजकेंद्रातून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली, जवळपास कारखाने उभे राहिले आणि प्रांतोप्रांतींची कुटुंबे येथे स्थायिक झाली. तेव्हापासून बँडवाल्यास एकाच वरातीत मराठी, गुजराती आणि हिंदी चाली वाजवाव्या लागतात. या सर्व चालींचा भार बहुधा एका काळ्या लाकडी नळीवर असतो. ती म्हणजे क्लॅरिनेट. हे वाद्य जीर्ण झाले आणि वादकाने निराळ्या कारखान्याचे घ्यावयाचे ठरविले, म्हणजे नेमके काय बदलते, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

क्लॅरिनेट परदेशी खरे. तथापि त्याचा एक दूरचा आप्त याच भूमीत नांदतो. वारली लोकांचा तारपा हा तो आप्त होय. वाळविलेला भोपळा, त्यात मेणाने बसविलेल्या दोन नळ्या आणि टोकाशी ताडाच्या पानांचा कर्णा, अशी त्याची रचना असते. भोपळ्यात फुंकलेल्या हवेने नळ्यांच्या आतील जिभल्या थरथरतात व स्वर उमटतो. क्लॅरिनेटमध्येही एकच वेताची पत्ती थरथरते. भेद एवढाच, की तारपा वाजविणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आपले वाद्य आपल्याच हाताने घडवितात; त्यामुळे त्याची खोड कोठे आहे हे त्यांना ठाऊक असते. क्लॅरिनेटवाला मात्र ते विकत घेतो. म्हणून दुसऱ्याने घडविलेल्या वस्तूची ओळख त्याला नव्याने करून घ्यावी लागते.

इसवी सन 1700 च्या सुमारास जर्मनीतील न्युरेंबर्ग शहरी योहान ख्रिस्टोफ डेन्नर या कारागिराच्या हातून क्लॅरिनेट आकारास आले, असे मानले जाते. पुढे पॅरिस येथे क्लोझे या वादकाने ब्यूफे या कारागिराच्या साहाय्याने चाव्या व कडी यांची नवी रचना केली. ती 1839 साली लोकांपुढे आली आणि 1844 साली तिचे पेटंट घेण्यात आले. बासरीकार ब्योम याच्या कल्पनेवरून ती सुचली, म्हणून तिला ब्योम पद्धती म्हणतात. तिच्याखेरीज ब्रसेल्सच्या आल्बर्ट घराण्याच्या नावाने ओळखली जाणारी जुनी, साधी पद्धतीही दीर्घकाळ टिकली. इंग्रजी पलटणींच्या बँडबरोबर हे वाद्य हिंदुस्थानात आले, तेथून लग्नाच्या वरातीत उतरले आणि मुंबईच्या मास्टर इब्राहीम यांच्या तबकड्यांनी ते घरोघरच्या ग्रामोफोनवर पोहोचविले.

आता अशी कल्पना करावी, की बोईसरचा एक वादक वीस वर्षे वापरलेले जुने इंग्रजी बनावटीचे वाद्य ठेवून फ्रेंच अथवा जपानी बनावटीचे वाद्य घेत आहे. दोन्ही काळी, दोन्ही सारख्या लांबीची, दोन्हींच्या चाव्या चकचकीत. डोळ्यांस फरक दिसत नाही. तो बोटांस, ओठांस आणि कानांस कळतो.

पहिला फरक पोकळीचा. लंडनच्या बूसी अँड हॉक्स कंपनीच्या 1010 या नामांकित वाद्याची पोकळी सुमारे 15.2 मिलिमीटर रुंद होती. फ्रेंच वाद्यांची साधारणतः 14.6 च्या आसपास असते. अर्ध्या मिलिमीटरचा हा भेद, परंतु स्वराची जात त्याने पालटते. रुंद पोकळीचा नाद मोकळा व भरदार. अरुंद पोकळीचा आटोपशीर व एकवटलेला. शिवाय 1010 ला निराळ्याच घडणीचा माउथपीस लागे. तो फ्रेंच वाद्यास लावला, किंवा फ्रेंच माउथपीस त्या वाद्यास लावला, तर खालचे व वरचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. इंग्लंडमधील अनेक थोर वादक याच रुंद वाद्यावर वाढले; पुढे फ्रेंच वाद्यांचा प्रसार झाला आणि 1980 च्या दशकात 1010 ची घडण बंद पडली. ज्यांनी बदल केला त्यांना केवळ वाद्य नव्हे, तर फुंकण्याची सवयही पालटावी लागली.

दुसरा फरक सुरांच्या मापाचा. इंग्रजी बँड पूर्वी बराच उंच सूर धरीत. त्यांचा ‘ए’ सेकंदास 452 कंपनांच्या आसपास असे. 1939 साली लंडनच्या परिषदेत 440 हे माप मान्य झाले. जुन्या बाजारात अजूनही उंच सुराची वाद्ये आढळतात. त्यांपैकी कित्येकांवर ‘एच पी’ अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. स्वस्त मिळाले म्हणून असे वाद्य घेणाऱ्याचा सूर आजच्या की-बोर्डाशी कधीच जमावयाचा नाही. सांधे कितीही ओढले तरी सर्व स्वर सारख्या प्रमाणात उतरत नाहीत.

तिसरा प्रश्न लाकडाचा व हवेचा. उत्तम क्लॅरिनेट पूर्व आफ्रिकेतील ग्रेनाडिला नामक अतिशय जड लाकडाचे करतात. नवे लाकूड आतून उबदार, ओलसर श्वासाने फुगते आणि बाहेरून कोरडे राहते. या ओढाताणीत ते तडकते. पालघरच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा इतकी दमट, की सांधे घट्ट होऊन बसतात. तेच वाद्य पौषात घाटावरच्या कोरड्या थंडीत नेले, की लाकूड आकसते. म्हणून नवे वाद्य पहिले काही आठवडे रोज थोडाच वेळ वाजवावे, प्रत्येक वेळी आतून पुसून कोरडे करावे आणि उन्हात किंवा वातयंत्राच्या झोताखाली ठेवू नये. लाकडाचा भुगा व राळ यांच्या मिश्रणाची वाद्येही आता निघाली आहेत. त्यांना तडकण्याचे भय फारसे नसते.

यावरून बदलाचा योग्य काळ आपोआप ठरतो. चातुर्मासात लग्ने नसतात; वादकाचे हात रिकामे असतात. आषाढात घेतलेले वाद्य कार्तिकापर्यंत अंगवळणी पडते. याउलट मुहूर्ताच्या आदल्या दिवशी वाद्य बदलणारा आपल्या उदरनिर्वाहाशीच खेळतो. चाव्यांमधील अंतर निराळे असल्याने सरावलेले बोट ऐन तानेत भलतीकडे पडते. वर्षाची मिळकत मोजक्या मुहूर्तांवर अवलंबून असलेल्या माणसास चुकलेली वरात पुन्हा वाजविता येत नाही. आणि एकदा नाव गेले, की पुढच्या वर्षाचे बोलावणेही जाते.

निवड करताना एक साधी रीत उपयोगी पडते. माउथपीस दोन्ही वाद्यांस चालणारा असेल, तर तोच माउथपीस व तीच पत्ती लावून दोन्ही वाद्ये वाजवावीत, म्हणजे गुण वाद्याचा की माउथपीसचा हे कळते. एकाच कारखान्याची, एकाच नमुन्याची दोन वाद्येही सर्वस्वी सारखी नसतात. शक्य तर दोन-तीन पारखावीत. एखाद्या जाणत्या सोबत्यास पाठ करून बसवावे व कोणते वाद्य हे न सांगता ऐकवावे. डोळे छापावर जातात. कान जात नाहीत. आणि नवे वाद्य एक संपूर्ण सराई पार पाडीपर्यंत जुने विकू नये.

कार्य काढणाऱ्या गृहस्थांचाही यात वाटा आहे. थंड वाद्य खाली बोलते, तापले की वर चढते. बँडवाले आले की लगेच ‘सुरू करा’ म्हणून घाई न करता त्यांना सूर मिळविण्यास पाव तास दिला, तर मंडपातील सर्वांच्याच कानांवर उपकार होतील.

असो. तारप्याच्या नळीवर कोणत्याही कारखान्याचा छाप नसतो. तरी घडविणाऱ्यास तिचा प्रत्येक स्वर ओळखीचा असतो. क्लॅरिनेटवरील सोनेरी अक्षरे किंमत सांगतात, ओळख करून देत नाहीत. ती ओळख श्वासाश्वासाने करून घ्यावी लागते. आणि तीस लागणारा वेळ हाच वाद्य बदलण्याचा खरा खर्च होय.